एकदा नजरेखालून घाला

अर्ज, पत्र किंवा लेख लिहून झाला, की तो जाणत्या माणसापुढे ठेवताना आपल्याकडे म्हणतात, ‘एकदा नजरेखालून घाला.’ यात ‘चुका काढा’ असे कुठेही नाही. मागणाऱ्याचा मान राहतो आणि पाहणाऱ्याला पेन हाती घ्यायची मोकळीक मिळते. वाचकहो, या एका वाक्यामागचा थोडा इतिहास या लेखात मांडायचा आहे, तोही एका परक्या भाषेच्या निमित्ताने. पेडणे आणि डिचोली या दोन महालांतल्या माणसांनी इंग्रजी लिहायला कसे शिकले, आणि शिकत असताना त्यांचे कागद कोणी तपासले?

प्रश्न साधा दिसतो, पण इथे इंग्रजांचा कारभार कधी नव्हताच. डिचोली आणि सत्तरी १७८०च्या दशकाच्या आरंभी कायमचे पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये गेले. तिथून १९ डिसेंबर १९६१ पर्यंतचा हिशेब केला तर पेडण्यापुरती १७३ वर्षे होतात. या काळात कचेरीची भाषा पोर्तुगीज, देवळाची आणि जमाखर्चाची मराठी, चुलीपाशी बोलायची कोकणी. इंग्रजी कुठेच नाही. तरीही तुमच्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या हातचे, वळणदार अक्षरातले इंग्रजी कागद असतील. ते इंग्रजी आले कुठून?

तिथे जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. पेडण्याचे मूल घरात ‘माका’, ‘तुका’ म्हणत वाढे आणि पंतोजीच्या शाळेत ‘मला’, ‘तुला’ लिहायला शिके. धूळपाटीवर अक्षर, मग कित्ता, मग शुद्धलेखन, मोठ्या घरांत मोडीही. बोलतो तसेच लिहायचे नसते, आणि लिहिलेले दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांखालून जाते, ही सवय इंग्रजीचे पहिले अक्षर दिसण्याआधीच अंगवळणी पडलेली असे. यात कोणाला मराठीचे वैभव दिसेल, कोणाला कोकणीवरचा अन्याय. तो वाद आपण गोमंतकीयांनी पुरेसा लढला आहे. इथे तो नको. मुद्दा इतकाच, की दुरुस्ती करून घेण्याची कला आपल्याकडे मराठीतून आली आणि मग ती इतर भाषांच्या कामी पडली.

दुसरी लेखणी पोर्तुगिजाची. प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव या परीक्षा, सरकारी अर्ज, कोर्टाची कामे. या भाषेतली चूक महागात पडे, कारण तपासणारा सरकारचा माणूस होता. सालाझारच्या अमलात तर छापायचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे आणि त्याची निळी पेन्सिल त्यावर फिरे. तीही एक प्रकारे नजरेखालून घालणेच, पण त्या पेन्सिलीला तुमचे वाक्य सुधारायचे नसे. ते नाहीसे करायचे असे. आपल्या आजोबांच्या पिढीला दोन्ही पेन्सिली ठाऊक होत्या आणि त्यांतला फरकही.

इंग्रजी ही तिसरी लेखणी, आणि ती पोटासाठी धरलेली. मुंबईला जायचे तर इंग्रजी हवे. बारदेशात हडफड्याला १८८७ साली सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा निघाली आणि पुढे गावोगाव तशा शाळा निघत गेल्या, याचे कारणही मुंबईची नोकरीच. पेडण्याचा मुलगा तेरेखोलची नदी ओलांडून सावंतवाडीकडे वळे, डिचोलीचा दोडामार्गावरून बेळगावची वाट धरी किंवा म्हापशाला जाई. पण या वाटेवरचा सगळ्यांत मोठा प्रवासी या शाळांच्या कितीतरी आधीचा आहे.

रामचंद्र विठ्ठल लाड, म्हणजे डॉ. भाऊ दाजी, हे पेडणे महालातल्या मांद्र्याचे. १८२२ हे त्यांचे जन्मसाल सामान्यतः धरतात. लहानग्याची बुद्धिबळातली चमक पाहून एका इंग्रजाने वडिलांना मुलाला इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला, ही आठवण त्यांच्या चरित्रांत येते. वडील मुंबईत मातीच्या बाहुल्या विकून पोट भरत, हेही त्याच चरित्रांत आहे. मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकला आणि तिथेच शिकवू लागला. काठेवाड आणि कच्छमधल्या बालहत्येच्या चालीवर त्याने इंग्रजीत निबंध लिहिला, त्याला बक्षीस मिळाले आणि १८४७ मध्ये तो छापला गेला. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेज, १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत नाव, मग डॉक्टरकी, कुष्ठरोगावरची औषधे शोधण्याचा ध्यास, आणि शिलालेखांचे वाचन. ३१ मे १८७४ रोजी ते गेले. मांद्रे ते रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा हे अंतर एका आयुष्यात कापलेले.

हे अंतर कापताना त्यांचे इंग्रजी कोणी घडवले? वर्गात इंग्रज प्राध्यापक होते, हे खरे. पण वर्गाबाहेरची एक व्यवस्था मला अधिक मोलाची वाटते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या आधाराने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी याच मंडळीतले. भाऊ दाजी पुढे या सभेचे अध्यक्षही झाले. सभेचे काम म्हणजे एका सभासदाने निबंध लिहून वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचे. जमलेल्यांपैकी बहुतेकांची मायबोली मराठी किंवा गुजराती. इंग्रजी सगळ्यांनाच परके, सगळेच शिकणारे. अशा सभेत उभे राहण्याआधी कोणता मुलगा आपला कागद एखाद्या मित्राला दाखवणार नाही? आणि ज्याने दाखवला, त्याला पुढच्या वेळी मित्राचा कागद पाहावा लागणार. शिकणाऱ्यांनी शिकणाऱ्यांना दुरुस्त करण्याची ही पद्धत शाळेच्या शिस्तीत बसत नाही, पण तिच्यात एक जोर असतो. आज लाज वाटून घेणारा उद्या दुसऱ्याची लाज राखतो.

या इंग्रजी सभेला लगेच मराठी आणि गुजराती शाखा फुटल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० पासून निघू लागले. १८४९ मध्ये सभासदांनी मुलींच्या शाळा काढल्या, जगन्नाथ शंकरशेठ यांनी मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली, आणि सभासद स्वतःच शिकवायला उभे राहिले. इंग्रजी निबंध एकमेकांना दाखवणारी मुले वर्ष-दीड वर्षात मराठीत मासिक आणि मराठीत शाळा चालवू लागली, हा योगायोग मानायला मी तयार नाही. दुरुस्त करायची तर आधी समजावून सांगावे लागते, आणि ते समजावणे मराठीतच होणार. इंग्रजी वाक्य का बिघडले, हे मराठीत सांगता येणे हा मराठी गद्याचा व्यायामच होता.

त्याआधी बाळशास्त्री जांभेकरांनी हेच वेगळ्या रीतीने केले होते. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री आपल्या शेजारचेच. ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झालेल्या ‘दर्पण’मध्ये एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असे. ज्याला इंग्रजी येत होते त्याने मराठी ताडून पाहावे, ज्याला मराठी येत होते त्याने इंग्रजी. कोणाला विचारायची सोय नसलेल्या वाचकाला तो एक मुका मास्तरच मिळाला.

उलट बाजूही सांगायला हवी. मराठी लिहिणाऱ्यांचे मराठी तपासायला सरकारने एक इंग्रज नेमला होता, मेजर थॉमस कँडी. शाळांच्या क्रमिक पुस्तकांचा मजकूर त्यांच्या हाताखालून जाई. आपल्या पंडितांना हे रुचणारे नव्हतेच, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. पण आज आपण मराठीत स्वल्पविराम देतो, प्रश्नचिन्ह देतो, ती चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय याच कँडींना दिले जाते. परभाषकाने केलेली दुरुस्ती नेहमी चुकीचीच असते असे नाही. तिच्यात सत्ता मिसळली की ती झोंबते, एवढेच.

आता जरा चुकांकडे वळू, कारण दुरुस्तीचा इतिहास म्हणजे शेवटी चुकांचाच इतिहास. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ तुमच्या वडीलधाऱ्यांनी गिरवली असेल. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, अशी तिची रीत. आज तिला हसणारे पुष्कळ आहेत. पण मराठी माणसाच्या इंग्रजी चुका कुठून येतात, हे त्या रीतीत पक्के ओळखलेले होते. ‘मी त्याला विचारले’ यातला ‘ला’ इंग्रजीत जातो आणि ‘आस्क्ड टु हिम’ होते. ‘तिच्याशी लग्न केले’ यातला ‘शी’ जातो आणि ‘मॅरीड विथ हर’ होते. ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ ही उपपदे तर मराठीत मुळातच नाहीत, म्हणून ती कुठे गळतात, कुठे नको तिथे बसतात. साहेबांना आदरार्थी बहुवचन देणाऱ्या हाताने ‘ही’च्या जागी ‘दे’ लिहिले, तर त्यात उद्धटपणा नाही, उलट संस्कारच आहे.

सगळ्यांत घोटाळ्याची चूक ‘की’ची. मराठीत आपण म्हणतो, ‘तो म्हणाला की मी सोमवारी येतो.’ इथे ‘मी’ म्हणजे तोच. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत लिहिले की ‘ही सेड दॅट आय विल कम ऑन मंडे’ होते, आणि सोमवारी येणारा माणूसच बदलतो. मुंबईच्या एखाद्या कचेरीत असे पत्र गेले तर काय गोंधळ होईल, ते तुम्हीच ताडा. इंग्रज साहेब हे वाक्य वाचून चुकीच्या माणसाची वाट पाहील, कारण व्याकरणाने ते बरोबरच आहे. त्यामागचे मराठी वाक्य ज्याच्या कानात घुमते, त्याच्याच लक्षात येईल की इथे काहीतरी सांडले आहे. म्हणून पेडण्याच्या मुलाच्या इंग्रजी कागदावर सावंतवाडीत मॅट्रिक झालेल्या मामाची नजर कधी कधी साहेबाच्या नजरेपेक्षा उपयोगी पडते. तो स्वतः त्याच खड्ड्यात पडून वर आलेला असतो. साहेबाला फारतर एवढे सांगता येते, की असे म्हणत नाहीत. तुम्ही असे का म्हटले, ते मामा सांगतो.

मोठ्या माणसांनीही ही नजर मागितली आहे. गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकासाठी लिहीत, ते न्यायमूर्ती रानड्यांच्या देखरेखीखाली. रानडे स्वतः मुंबई विद्यापीठाच्या १८५९च्या पहिल्या मॅट्रिकमधले, म्हणजे तेही इंग्रजी शिकूनच आलेले. पण मला जास्त भावते ती जोडी आहे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांची. एक कोकणातला, एक बंगालचा. दोघांचा पत्रव्यवहार जवळजवळ अर्धशतक चालला. सरदेसायांचे इंग्रजी मजकूर सरकारांच्या नजरेखालून जात, आणि मराठी कागदपत्रांच्या बाबतीत सरकारांना सरदेसायांचा आधार असे. ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’चे तीन खंड १९४६ ते १९४८ या काळात बाहेर पडले, तेव्हा सरदेसाई ऐंशीच्या पुढे होते. ऐंशी वर्षांचा माणूस आपले इंग्रजी मित्राला दाखवतो, यात त्याचे काही कमी झाले नाही.

या इतिहासकारांना गोव्याकडून जोड मिळाली ती पांडुरंग पिसुर्लेकरांची. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीतल्या पिसुर्ल्यात १८९४ मध्ये त्यांचा जन्म झाला. मराठी घरातला हा माणूस पोर्तुगीजमध्ये लिहू लागला आणि १९३१ पासून १९६१ पर्यंत पणजीचे दप्तरखाते सांभाळत राहिला. मराठ्यांच्या इतिहासाची पोर्तुगीज साधने पुढे आली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. अभ्यासकांनी एकमेकांचे कागद पाहण्याचे हे जाळे असे पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत आणि पणजीपर्यंत पसरलेले होते.

डिचोलीचे म्हणाल तर वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजेच शणै गोंयबाब, हे डिचोलीचेच. २३ जून १८७७ चा जन्म. भाऊ दाजींच्या मागून अर्ध्या शतकाने तेही मुंबईला गेले आणि इटालियन वकिलातीत नोकरीला लागले. मराठी, पोर्तुगीज, इंग्रजी अशा अनेक लेखण्या चालवून झाल्यावर त्यांनी कोकणीचे व्याकरण मांडायला घेतले. मराठीचे अभिमानी म्हणून आपला त्यांच्याशी मतभेद असेल, असावाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या भाषांचे नियम पाळलेल्या माणसाला घरच्या बोलीलाही नियम असावेत असे वाटले, हे समजण्यासारखे आहे.

भाऊ दाजींकडे पुन्हा एकदा यावे लागते, कारण त्यांच्या गोष्टीतला उत्तम भाग अजून सांगायचा राहिला आहे. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी रुद्रदामनचा शिलालेख आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३८ मध्ये त्याचे वाचन आणि इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले होते. प्रिन्सेप हे त्या विद्येतले मोठे नाव. १८६० नंतर भाऊ दाजींनी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उतरून आणलेल्या नकलेवरून तो लेख पुन्हा वाचला आणि प्रिन्सेपांच्या वाचनातल्या चुका दाखवत नवे भाषांतर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिले. मांद्र्याच्या मुलाने, मुंबईत येऊन शिकलेल्या इंग्रजीत, प्रिन्सेपांचा कागद तपासला. आणि भगवानलाल? त्यांना इंग्रजी बेताचेच येई. ते गुजरातीत लिहीत आणि डॉ. ब्यूलर त्याचे इंग्रजी करीत. कोण कोणाचे काय दुरुस्त करतो याचा इथे हिशेब लागत नाही, आणि तो लावायचीही गरज नाही.

इथवर वाचून आपल्या घराण्यांचा अभिमान वाटला असेल तर तो थोडा आवरायला हवा. ‘एकदा नजरेखालून घाला’ म्हणण्यासाठी आधी दारात उभे राहता आले पाहिजे. मामा मॅट्रिक असावा लागतो, किंवा भाटकाराच्या ओटीवर बसण्याची मुभा असावी लागते. कुळाच्या, मुंडकाराच्या मुलाला ती नव्हती. घरातल्या बायकांनाही नव्हती. रमाबाई रानडे नवऱ्याच्या आग्रहाने इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना किती छळले, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पुण्यात न्यायमूर्तींच्या घरी ही स्थिती, तर आपल्या वाड्यांत काय असेल? आपले पूर्वज एकमेकांचे कागद तपासत होते, हे खरे. कोणाचे कागद तपासत नव्हते, हेही तितकेच खरे, आणि ते आपल्या संग्रहांत सापडणार नाही, कारण ते कागद कधी लिहिलेच गेले नाहीत.

हे बदलले ते मुक्तीनंतर. पेडण्यातच जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १९७५ मध्ये गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ आले. आज पेडण्यात विर्नोड्याला आणि डिचोली तालुक्यात साखळीला सरकारी महाविद्यालये आहेत. ज्याच्या आजोबाला ओटीवर जागा नव्हती, तो मुलगा आज बी. ए. होतो. त्याच्या कागदाचे काय?

मोपाच्या पठारावरचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तिथल्या नोकरीसाठी पेडण्याची मुले-मुली अर्ज करतात, इंग्रजीत. डिचोलीकडे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकवर आणि खाणीच्या कचेरीत वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांना चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा आपली माहिती इंग्रजीत लिहून काढायची वेळ आली. त्यांतल्या अनेकांकडे दाखवायला मामा नाही. मोबाईलमधले यंत्र वाक्य सरळ करून देते, झटपट आणि फुकट, आणि ज्याला कोणीच नाही त्याला ते वरदानच आहे, मी नाक मुरडणार नाही. पण ‘की’चा घोटाळा त्याला कळेलच याची खात्री नाही, कारण त्याच्या हाती येते ते व्याकरणाने शुद्ध वाक्य. सोमवारी येणारा माणूस कोण, हे त्याने मुलाला विचारले पाहिजे. विचारायला समोर कोणी बसलेले हवे, आणि ते विचारणे मराठीत, नाहीतर कोकणीत होणार.

आता थोडे तुमच्या घराविषयी. जुन्या पेटीत, माळ्यावर, देव्हाऱ्याखालच्या फडताळात इंग्रजीच्या वह्या, अर्जांचे मसुदे, मुंबईहून आलेली पत्रे असतील, तर रद्दीत घालण्याआधी त्यांचे समास पाहा. मूळ मजकूर एका हाताचा आणि दुरुस्त्या दुसऱ्या हाताच्या दिसतील. शाई वेगळी असेल, अक्षराचे वळण वेगळे असेल, कधी समासात मराठीत किंवा मोडीत दोन शब्द असतील. लिहिणाऱ्याचे नाव घरात माहीत असते. दुरुस्त करणाऱ्याचे विचारून घ्या. आत्या, काकी, गावातले एखादे निवृत्त मास्तर यांच्यापैकी कोणीतरी ते अक्षर ओळखणारे अजून असेल. कळले तर पानाच्या पाठीवर पेन्सिलीने गाव, नाव आणि अंदाजे साल लिहून ठेवा. शाईने नको, कागद जुना असला की ती फुटते.